हातमोजे काढून वाचलेलं पत्र

४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल प्रयोगशाळेतच मिळालं. धीर धरवेना, म्हणून हातमोजे काढून टेबलावरच फोडलं. शिलाई मशीनची सुई टोचून दोन महिने झाले, तीन औषधं झाली, तरी बोट ठणकतंय आणि डॉक्टर आता ते काढायचं म्हणतात, हे मी तीनदा वाचलं. वर तू लिहितेस, एक गेलं तरी नऊ उरतील. तुझा हा स्वभाव काही जायचा नाही.

पण त्याच दुपारी इथे नवल घडलं. जंतूंच्या पेशीत एक कात्री असते. नव्या धाग्याचं जास्तीचं टोक ती कापते, तेव्हा कुठे तो धागा कामाला येतो. तू शिवण झाल्यावर कातरतेस तसंच. ही कात्री एरवी निरोप पोचवणाऱ्या आरएनएची बनलेली आहे, आणि माणसाच्या पेशीतली कात्री हिच्याहून पुष्कळ वेगळी. म्हणजे जंतूंची तेवढी बंद पाडली, तर माणसाला धक्का न लागता जुनी औषधं पचवलेले जंतूही मरतील. आमच्या अडतिसाव्या रसायनानं काल ती साफ बंद पाडली. औषध न घातलेल्या नळीत मात्र ती सुरळीत चालली होती. मी नाचायचीच बाकी होते. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम एवढंच म्हणाल्या की पुन्हा करून बघ.

हाताला जप. लोभ आहेच, त्यात घट नको.

तुझी उपद्व्यापी


११ फेब्रुवारी

चि. उपद्व्यापीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काकांनी दोनदा मोठ्यानं वाचलं. मला कात्रीचं तेवढं कळलं. जिला सुईत दोरा ओवायला अर्धा तास लागायचा तिनं जंतूंची कात्री बंद पाडली, म्हणून काका दिवसभर हसत होते.

शुक्रवारी ऑपरेशन होतं. मी डॉक्टरांना सांगून आले की भाचीचं औषध येतंय, दोन महिने थांबा. ते मनगटापर्यंत पसरेल म्हणाले. मी ऐकून घेतलं नाही. उजव्या हाताची तर्जनी गं ती. तिच्याशिवाय कापड धरायचं कसं, याची मला भीती वाटते. काकांपुढे हसते, तुला म्हणून सांगितलं.

वेळेवर जेवत जा. आहे ती माया राहू दे.

तुझी मावशी


१५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काकांना फोनवर सगळं सांगितलं, पण तू फोन घ्यायलाच तयार नाहीस म्हणाले, म्हणून लिहिते. आजच डॉक्टरांकडे जा आणि बोट काढून घे. माझ्याकडे औषध नाही.

प्रयोग चार वेळा पुन्हा केला. त्या रसायनात कात्री मजेत चालली. मग डोक्यात प्रकाश पडला. माणसाच्या कातडीवर आरएनएचा चुरा करणारा पदार्थ असतो, म्हणून तर आम्ही हातमोजे घालतो. औषधाविना असलेली नळी मी तुझं पत्र येण्याआधी भरली होती. औषधाची नंतर, उघड्या हातांनी. तुझ्या बोटाच्या विचारात हातमोजे घालायचे राहूनच गेले, आणि कात्री माझ्याच बोटांनी मोडली.

मॅडमना सांगून टाकलं. तुला सांगणं त्याहून जड जातंय. खरं औषध सापडतं, तरी ते तुझ्यापर्यंत यायला दहा वर्षं लागली असती. हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं, आनंदाच्या भरात लिहिलं नाही. मला माफ कर आणि हट्ट सोड.

रागावलीस तरी चालेल, अंतर देऊ नकोस.

तुझी उपद्व्यापी


१० मार्च

चि. उपद्व्यापीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताचं आहे. बोट गेलं, हात राहिला. आणखी आठवडा काढला असता तर हातावरच बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

दोन दिवस तुझ्यावर रागावले होते. मग काका म्हणाले, पोरीनं गप्प बसायचं ठरवलं असतं तर आपल्याला काय कळणार होतं? तेव्हा रडू आलं, आणि राग गेला. आता मधल्या बोटानं कापड धरते. टाके वाकडे पडतात. काकांच्या शर्टांवर सराव चाललाय आणि ते बिचारे तेच घालून हिंडतात.

तू ते काम सोडणार आहेस असं काकांकडून कळलं. सोडायचं नाही. अडतीस झाली, आता एकोणचाळिसावं घे. दहा वर्षं तर दहा वर्षं, कुणाचं तरी बोट वाचेल.

पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, घरी गेल्यावर फोडणे. डाव्या हातानं तेवढं लिहायला दहा मिनिटं लागली, तेव्हा ऐकत जा.

तुझी नऊ बोटांची मावशी