अंतोनच्या दाराचं कुलूप

रवि., १३ सप्टेंबर १९८१
अंतोनच्या दाराला कुलूप! पितळी, नवंकोरं. देवळातल्या मिस्सेच्या वेळेला आपल्या गावात कुलूप, माझ्या हयातीत पहिलंच.
फादरांनी उपदेश सुरू केला तसा नेहमीसारखा बाजूच्या दाराने निघालो, खांद्यावर मुठीच्या तांदळाची गोणी. अख्खा गाव देवळात, घरं सताड उघडी. बाप हेच करायचा, त्याचं बघून मी. अडलेल्याच्या घरात शिरायचं, चुलीजवळच्या मडक्यात ओतायचं, झाकण ठेवायचं, निघायचं. मालक परत येतो तो मडकं भरलेलं. कुणी भरलं ते त्याने विचारायचं नाही, आपण सांगायचं नाही. घरोघर रांधायच्या आधी काढलेली एकेक मूठ, सगळी एकात मिसळलेली. कुणाची कुठली, देवालाच ठाऊक.
जुजे म्हातारीकडे ओतलं, कैतानच्या विधवेकडे ओतलं. मग अंतोनकडे, तर हे. त्याच्या कोंबड्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी कुलपाकडे. तेवढ्यात घंटा झाली. तांदूळ तसेच परत आणले.

मंगळ., १५ सप्टें.
चित्त थाऱ्यावर नाही. अंतोनचं मिठागर सरकारने नव्या शहरासाठी मुरूम टाकून बुजवलं, त्याला दोन वर्षं झाली. जन्मभर मीठ ओढलं, दुसरं काही येत नाही. पोरगा सांतान तळोज्याला कारखान्यात लागला होता. कंत्राट संपलं, घरी बसला. खाणारी तोंडं सात.
माझी बायको रोजा म्हणते, "तुमी उगाच डोकं खाता. गाव परक्या मानसांनी भरलंय. ट्रकवाले काय, मुकादम काय. अंतोनच्या घरचं तांब्याचं पातेलं चोरीला गेलं, म्हनून लावलं कुलूप."
असेल. पण पातेल्यासाठी की माझ्यासाठी?

शुक्र., १८ सप्टें.
बंदरावर अंतोन भेटला. लहानपणी एका होडग्यातून दोघं पडलेले, आडपडदा कसला. विचारलंच.
"काय रं, कुलूप लावलंस?"
"लावलं."
"चोरांसाठी?"
"घर माजं हाय ना? कोन काय नेतंय, कोन काय ठेवतंय, मला कळाया नको?"
हसला. मीही हसलो.

रवि., २० सप्टें.
आज गाढवपणा केला. लिहितो, म्हणजे जरा तरी…
परत कुलूप. आत पोरांच्या पोटात काय असेल, हेच डोक्यात. म्हटलं, रिकाम्या हाताने कसा जाऊ? रोजाच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात तांदूळ बांधले, गाठोडं कडीला अडकवलं आणि देवळात येऊन गुडघे टेकले. मोठं पुण्य केल्यासारखा!
मिस्सा सुटली की सगळा गाव त्याच वाटेने घरी जातो, हे माझ्या म्हाताऱ्या टाळक्यात आलं नाही. लॉरेन्स पुढे होता. सरकारकडून जमिनीचे पैसे आल्यापासून त्याला मोठ्याने बोलायची सवय लागलीय. "आरं, अंतोनच्या दाराला तोरन!" सगळे बघत उभे. अंतोन गर्दीतून सरळ पुढे आला, गाठोडं काढलं, कुलूप उघडलं, आत गेला, कडी लावली.
चार पिढ्यांत जे कुणी दिसू दिलं नाही ते मी भर उन्हात टांगलं.

बुध., २३ सप्टें.
अंतोन बोलत नाही. मी विहिरीकडून आलो की तो खाडीकडे वळतो.
फादरांनी बोलावलं. तरुण आहेत, वसईकडचे, मनाने चांगले. म्हणाले, आता आणखी घरांना कुलपं लागणार, हे लपूनछपून किती दिवस चालायचं. दर शनिवारी देवळापुढे रांग लावू, ज्याला गरज त्याने पिशवी घेऊन यावं. "शहरात असंच करतात, मामा. घ्यायची लाज कसली?"
म्हटलं, "फादर, उपाशी दिसलेलं चालतं आमच्या मानसाला. घेताना दिसलेलं चालत नाय."
त्यांना पटलं नाही. मलाही दुसरं सुचत नाही.

रवि., २७ सप्टें.
अर्पणाच्या वेळेला अंतोन बाकावरून उठला. हातात तेच गाठोडं. वेदीपुढच्या टोपलीत सगळे तांदूळ ओतले आणि खणखणीत म्हणाला, "ही आमच्या घरची मूठ." गायकांचा सूर चुकला. ओंजळभरसुद्धा ठेवून घेतले नव्हते, ओतताना मापच दिसत होतं.
बाहेर आल्यावर फडक्याची घडी रोजाच्या हातात दिली. "वैनी, तुमचा कपडा." माझ्याकडे बघितलंदेखील नाही.
आज आणखी तीन दारांना कुलपं. त्यात कैतानची विधवासुद्धा. एकाची लाज गेलेली बघितली की बाकीचे आपापली सावरून धरतात.

गुरु., १ ऑक्टो.
राहवेना, गेलो त्याच्याकडे. ओट्यावर जाळं विणत बसलेला. सून फिलू पाणी घेऊन आली, तिचे डोळे खोल गेलेत.
"बसलास तर बस," अंतोन म्हणाला. "मुठीचं बोलू नको."
"चुकलो मी."
"बोलू नको बोललो ना."
भरतीचं बोललो. खाडीत बोयटं मासे कमी झालेत त्याचं बोललो. धाकटा नातू उंबऱ्यात बसून मिठाचा खडा चाटत होता. नुसतं मीठ. अंतोनने मला बघताना बघितलं, पोराला उचलून आत नेलं. मी उठलो.
घरी माझ्या ताटात भात होता. रोजा म्हणाली, "जेवा की." कसा जेवू?

रवि., ४ ऑक्टो.
आगेरा. नव्या भाताचा सण, आणि गावात शेत उरलं नाही एकाचं! कणसं लॉरेन्सने पनवेलकडून विकत आणली, तीही जरा सुकलेली. पण बँड वाजला, पोरी नवी लुगडी नेसल्या, फादरांनी पेंढीवर पवित्र पाणी शिंपडलं. मग रीतीप्रमाणे घराघराने एकेक लोंबी घेतली, दारावर लावायला. लॉरेन्सने घेतली, जुजे म्हातारीने घेतली, अंतोननेही घेतली. दोन्ही हात पुढे करून.
बघत राहिलो. लोंबी घेताना कुणी मान खाली घातली नाही, कारण सगळेच घेत होते.
प्रसाद तोंडात तसाच ठेवून फादरांना गाठलं. "फादर, लावा तुमची रांग. पन अख्ख्या गावाची."
"म्हणजे?"
"ज्याला पायजे तोही उभा राहील, ज्याला नको तोही. परतेकाला पिशवीभर तांदूळ. ज्याला नको त्याने हप्ताभर मूठ मूठ करून परत आनायचं."
फादरांनी उरलेली पेंढी खाली ठेवली. मग म्हणाले, "आणि खाऊन टाकलं तर?"
"खाल्लं तर भूक होती, एवढंच."

मंगळ., ६ ऑक्टो.
घरोघर फिरलो, पाय सुजले. निम्मे हो म्हणाले, निम्मे बघू.
लॉरेन्स तापला. "मी काय भिकारी हाय? अडीच किलो तांदळासाठी उबा ऱ्हाऊ?"
"नाय हायेस, म्हनून तर पायजेस. तू पुढं उबा ऱ्हायलास तर मागच्याला कोन काय बोलनार?"
आतून त्याची बायको म्हणाली, "जावा की! येका शनवारी तरी तुमचं तोंड गप बसंल."
अंतोनकडे गेलो नाही. त्याला बोलावलं तर परत गाठोडंच झालं. नाही बोलावलं तर…? फिलू विहिरीवर रोजाला म्हणाली, "मामंजींना रांगेचं समदं म्हाईत हाय." कळशी उचलून निघाली.

शनि., १० ऑक्टो.
पिशवी घेऊन पहिला मीच उभा राहिलो. बराच वेळ एकटाच. मागे रोजा आली, मग जुजे म्हातारी. मग लॉरेन्स, इस्त्रीच्या शर्टात, बायको ढोसतेय. त्याला बघून बाकीची घरं निघाली. रांग देवळाच्या पायरीपासून समोरच्या दगडी क्रुसापर्यंत, आमच्या खुरसापर्यंत गेली. पोरं हसत होती, बायका एकमेकींच्या पिशव्यांना नावं ठेवत होत्या. कैतानची विधवाही आली, ताठ मानेने. फादर स्वतः माप भरत होते.
सांतान नाही. फिलू नाही.
रांग अर्धी झाली तेव्हा अंतोन आला. रांगेत नाही. खुरसाच्या ओट्यावर बसला, विडी पेटवली. मी माझी पिशवी घेऊन जवळ जाऊन उभा राहिलो.
तोच म्हणाला, "किती रं हा गाव उपाशी!"
"लॉरेन्स बघ, कसा वाळलाय."
धुरात ठसका लागेपर्यंत हसला. माझ्याबरोबर हसला! चक्क तीन आठवड्यांनी.
रांग पुढे सरकत होती. त्याच्या काखेत घडी केलेली पिशवी होती. बाजाराला निघाला होता की इकडेच, विचारलं नाही. विचारायचं नाही, हे एवढं शिकलो.
रांगेत आता पाचसहाच माणसं. फादर वर मान करून बघत होते, पोत्याचं तोंड बांधावं की उघडं ठेवावं. मी हातानेच खुणावलं, थांबा.
अंतोनने विडी ओट्यावर विझवली, काखेतली पिशवी उलगडली आणि तो उठला.