घरात एकही कोरडा टॉवेल नाही

ती. ताईच्या सेवेशी,

ओल्या अंगाने आणि खचलेल्या मनाने केलेला नमस्कार पोचावा. तुझे गुडघे, भावोजींचा रक्तदाब आणि तो रक्तदाब वाढवणारा त्यांचा शेजारी, तिघेही काबूत असतील असं धरून चालतो. आम्ही जिवंत आहोत. सुखरूप म्हणवत नाही, कारण आज सकाळी एका सभ्य, कमावत्या, कानशिलं पिकलेल्या माणसावर जो प्रसंग गुदरला तो माझ्या वैऱ्यावरही येऊ नये. आंघोळ करून बाहेर आलो आणि घरात एकही कोरडा टॉवेल नव्हता. दोरीवरचे ओले, दारामागचे ओले, माझ्या खुर्चीच्या पाठीवरचा ओला, आणि एक तर माझ्या कामाच्या पिशवीत जेवणाच्या डब्याला मिठी मारून बसलेला, तोही ओला. शेवटी बाहेरच्या खोलीतल्या पडद्याला अंग पुसलं. (पडदा तेव्हा खिडकीवरच होता. समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी माझ्याकडे बघून हसणं सोडलं आहे.) तसा कपाटात एक टॉवेल आहे, कोरडा, इस्त्रीचा, नीट घडी घातलेला. पण त्याला कुणी हात लावायचा नाही असा घरात हुकूम आहे, आणि हुकूम माझाच आहे. त्याचं पुढे येईल.

टॉवेलांच्या या दुष्काळाचं कारण तुझी भाची. ती गेल्या वर्षापासून मुलांच्या जलतरण संघात आहे हे तुला फोनवर सांगितलंच होतं. पण पोर संघात गेली म्हणजे फक्त पोर जात नाही, सगळं घर पाण्यात जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या पावाला तलावातल्या औषधाचा वास येतो. उशांना येतो. परवा बाजारात एका गिऱ्हाइकाने सफरचंद नाकाशी नेलं आणि संशयाने माझ्याकडे पाहिलं.

आता बाप म्हणून मी काय केलं? सगळं केलं. तुला ठाऊक आहे, मला पोहता येत नाही. गुडघाभर पाण्यातसुद्धा मी तुझा हात सोडत नसे. पण येत नाही म्हणून शिकवायचं नाही असं थोडंच आहे? मी माहिती गोळा केली. जेवताना कोपर कसं उचलावं ते चमच्याने करून दाखवलं. (आमटीचे डाग गेले नाहीत.) श्वास कधी घ्यावा, पाय किती हलवावेत, शेजारच्या लेनमधल्या मुलीकडे का बघू नये, हे मी सकाळी जाताना सांगत असे आणि संध्याकाळी येताना पुन्हा सांगत असे, मधल्या वेळात ती विसरली असेल म्हणून. आणि स्पर्धेच्या दिवशी मी प्रेक्षकांच्या सज्जात उभा राहून ओरडत असे. ओरडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मी फळबाजारात लिलाव पुकारला की शेवटच्या गाळ्यातला झोपलेला हमाल उठून बसतो. तो आवाज लेकीसाठी नाही वापरायचा तर कुणासाठी? ती भिंतीजवळ यायला लागली की माझ्या तोंडून आपोआप निघायचं: एकवार! दोनवार! आणि हात टेकला की, तीनवार! आजूबाजूचे लोक माझ्याकडे वळून बघत. मला वाटे, कौतुकाने.

अशात, एका संध्याकाळी जेवताना, ती म्हणाली, "येत्या स्पर्धेनंतर मी पोहणं सोडणार आहे. बाबा, भाजी सरकवा."

ताई, एकाच सुरात! सोडणार आहे आणि भाजी सरकवा, दोन्ही एकाच सुरात. माझा घास तोंडातच राहिला. ही तीच पोर, जी पहाटे अंधारात हाक न मारता उठते, जिने आजारपणात बादलीत तोंड बुडवून श्वास रोखायचा सराव केला. मी विचारलं, का? म्हणाली, असंच. तुझ्या भावजयीकडे पाहिलं, तर ती माझ्याकडे बघत होती, आणि ज्या नजरेने बघत होती तिचा अर्थ मला लागला नाही. (लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून लागत नाही.) मग मी कसून चौकशी सुरू केली. संशयित भरपूर होते. पाणी फार गार, टोपी फार घट्ट, मैत्रिणी मत्सरी, कोचबाई कडक. एकेकाची बाजू तपासून मी कोचबाईंवर येऊन थांबलो आणि त्यांना जाब विचारायला गेलो.

कोचबाई म्हणजे माझ्या खांद्याला लागेल एवढी बाई, गळ्यात शिट्टी, आणि आवाज इतका हलका की ऐकायला वाकावं लागतं. मी पाऊण तास बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "स्पर्धेपर्यंत थांबू या. तुमच्यासाठी माझ्याकडे एक जबाबदारीची जागा आहे. चौथ्या लेनचे वेळाधिकारी व्हाल?"

जाब विचारायला गेलो होतो तो मी छाती फुगवून परत आलो. वेळाधिकारी! तलावाच्या काठाशी, गळ्यात घड्याळ, अंगात पांढरा सदरा! घरी येऊन सांगितलं तेव्हा तुझी भावजय लगबगीने स्वयंपाकघरात गेली आणि पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. बिचारीला भरून आलं असं मला वाटलं.

स्पर्धेच्या सकाळी कोचबाईंनी आम्हा सहा वेळाधिकाऱ्यांना रांगेत उभं करून नियम सांगितले. शिट्टी झाली की घड्याळ सुरू करायचं, मुलाचा हात भिंतीला लागला की बंद करायचं. मधल्या काळात तोंड उघडायचं नाही. प्रोत्साहन नाही, सूचना नाही, चुकचुकणं नाही. पोटचं पोर लेनमध्ये असलं तरी नाही. हे ऐकून मी चरकलो, पण पदाची म्हणून काही किंमत असतेच. मी इतर पाच जणांकडे पाहिलं आणि निवड करणाऱ्याचं मनोमन कौतुक केलं. पहिल्या लेनला एक आजोबा, पूर्वी बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे. दुसरीला एक कवायतीचे मास्तर. तिसरीला, माझ्या शेजारी, दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांनी एकदा मुलाला सज्जातून हाक मारली तेव्हा तलावाकाठच्या तीन परक्या मुलांनी दचकून तोंडं उघडली होती. पाचवीला ते गृहस्थ, जे प्रत्येक स्पर्धेला शाळेची जुनी पितळी घंटा घेऊन येतात. (त्या दिवशी घंटा नव्हती. हात मात्र आपोआप हलत होता.) आणि सहावीला ती माउली, जी मुलाच्या बरोबरीने काठाने धावते आणि एकदा धावता धावता पाण्यातच गेली होती. काय ही माणसं, मी म्हटलं, एकाहून एक उत्साही! तुला आत्ताच हसू येत असेल. मला तेव्हा काहीच आलं नाही.

पहिल्या दोन-तीन शर्यतींत मी नखशिखांत भिजलो. पोरं उडी मारतात तेव्हा त्यांच्या वाटचं अर्धं पाणी वेळाधिकाऱ्यावर येतं. मग मुलींची शर्यत आली, आणि चौथ्या लेनच्या चौथऱ्यावर तुझी भाची येऊन उभी राहिली. तिच्या टाचा माझ्या नाकासमोर. ताई, मी वर्षभर हिच्या शर्यती पाहिल्या, पण सज्जातून मला दिसायची ती एक निळी टोपी. इतक्या जवळून मी तिला शर्यतीआधी कधीच पाहिलं नव्हतं. तिच्या डाव्या टाचेला पट्टी होती आणि ती टाच थरथरत होती. बोटं चौथऱ्याच्या कडेला अशी गच्च धरली होती, जशी लहानपणी झोपेत माझं बोट धरायची. माझं तोंड उघडलं. काय बोलणार होतो देव जाणे, बहुधा कोपराविषयी. इतक्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या पायावर पाय दिला, चांगला टाचेसकट. मी तोंड मिटलं. शिट्टी झाली.

आणि शांतता! सहाही लेनांचे बाप, आया, आजोबा ओठ घट्ट मिटून उभे. सज्जात उरलेली मंडळी साधी माणसं. टाळ्या वाजवत होती, पण त्यात कान किटावेत असं काही नव्हतं. पहिल्यांदाच मला पोहणं ऐकू आलं. हात पाण्यावर पडल्याचा आवाज. पलीकडच्या भिंतीशी वळल्याचा आवाज. आणि परत येताना, प्रत्येक तिसऱ्या हाताला, तिचा श्वास. ती जवळ येत गेली तसा तो श्वास मोठा होत गेला, आणि मी वाकून, भिंतीवर डोळे लावून, बिनआवाजाचा उभा. तिचा हात भिंतीला लागला. डोकं वर आलं, नेमकं माझ्या पायांशी. चष्मा कपाळावर सारून ती वर बघत, धापा टाकत म्हणाली, "किती?"

मी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. ते चाललं होतं.

मी दाबलंच नव्हतं, ताई! ज्या माणसाने वर्षभर त्या पोरीला डोळ्याचं पातं लवण्याएवढ्या वेळावरून टोचलं, त्याच्या हातात ते यंत्र निवांत धावत होतं. कसंबसं म्हटलं, "बंद करायचं राहिलं." मला वाटलं, आता रडणार. ती हसली. भिंतीला धरून अशी हसली की नाकात पाणी गेलं, आणि मग खोकत खोकत आणखी हसली. शर्यत संपल्यावर ती नेहमी पलीकडच्या भिंतीकडे बघायची, सज्जाकडे कधीच नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. (मुख्य पंचांकडे एक जादा घड्याळ असतं. माझ्यासारख्यांसाठीच असतं. तिचा नंबर चौथा आला.)

सगळ्या शर्यती संपल्यावर मी काठावर बसून होतो. डॉक्टरीणबाईंनी एक कोरडा टॉवेल पुढे केला. मी चेहरा पुसून म्हटलं, पाणी फार उडतं हो इथे. पाण्यात तेव्हा कुणीच नव्हतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, वेळाधिकारी निवडतात कसे? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं किडलेल्या दाढेकडे बघत असतील.

"तुम्हाला खरंच ठाऊक नाही? अहो, मुलं मतदान करतात. घरातलं सगळ्यात मोठ्याने ओरडणारं माणूस कोण! पहिल्या सहांच्या हातात घड्याळ. त्याशिवाय आपण गप्प बसतो का? मागच्या वर्षी मी बिनविरोध आले होते."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. मी म्हटलं, आणि यंदा माझ्या मुलीनेसुद्धा...? त्या हळूच म्हणाल्या, "तिला इथे सगळे काय म्हणतात, माहीत आहे ना? तीनवार." सरावात ती भिंतीला हात लावायला आली की अख्खा संघ एका सुरात लिलाव पुकारत असे म्हणे. वर्षभर. आणि मी पाणी गार आहे का ते तपासत होतो! (मी दुसरा आलो. एका मताने. पहिला घंटावाला. खोटं कशाला बोलू, धक्क्यातसुद्धा मला ते किंचित लागलं.)

परतीच्या वाटेवर मी फक्त विचारलं, भूक लागली का? आणि गप्प राहिलो. नवशिक्यासारखा, जीभ दातांत धरून. दोन चौक गेले. मग ती आपणहून बोलायला लागली आणि घर येईपर्यंत थांबली नाही. वळताना पाण्याखाली सगळे आवाज कसे बंद होतात, तेवढ्यासाठीच तिला पोहायला आवडतं, हे मला तेव्हा कळलं. "खाली छान असतं बाबा. तिथे कुणी काही सांगत नाही." मग थोडं थांबून, "श्वासाला वर आलं की मात्र तुम्ही असायचात." मी म्हटलं, हं. आणखी बरंच सुचलं होतं, पण हं एवढंच म्हटलं. पोहणं सोडणार का, हे विचारायचं धाडस झालं नाही. अजून झालेलं नाही.

भावोजींना नमस्कार. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा लहान भाऊ
(वेळाधिकारी, लेन चौथी)

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. पुढच्या महिन्यात पुन्हा स्पर्धा आहे आणि तू यायचं आहेस. हे आमंत्रण माझं नाही, तुझ्या भाचीचं आहे. ती काल म्हणाली, "सज्जात आत्याला बसवा. ती कुठेही झोपते." तू माझ्या लग्नात पहिल्या रांगेत घोरत होतीस हे तिला कुणी सांगितलं, मला माहीत नाही. तेव्हा नाही म्हणू नकोस. ये, बस, आणि मनसोक्त झोप. फक्त घोरू नकोस, नाहीतर मतदानात तुझंही नाव येईल.

ता. क. दुसरा. वरचं पत्र पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेला ती कुणालातरी बसवायला सांगते आहे. आणि घरातले सगळे टॉवेल आज, स्पर्धेला आठवडा उलटल्यावर, ओले आहेत. म्हणजे पोर रोज जाते आहे. सुरुवातीची तक्रार मी मागे घेतो. येताना दोन टॉवेल आण, जाडे.

ता. क. तिसरा. पत्र पाकिटात घालण्याआधी तलावाकाठी मिळालेला, कपाटातला तो टॉवेल घेऊन दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरीणबाई कुणाच्या तरी तोंडावर वाकल्या होत्या. मी काही न बोलता घडी टेबलावर ठेवली. त्यांनी मान वर करून मास्कमागून विचारलं, "सुकलं का पाणी?" मी मानेनेच हो म्हटलं आणि दार हळू लावून घेतलं.