आग्रह न करणारी लुसिया

नावन, १४ जानेवारी २०२१

ब्राझीलची लुसिया इथल्या वृद्धाश्रमात फरशा पुसायच्या कामाला लागली, मग मोडक्या इंग्रजीत आम्हा सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी भांडली. आता ती मॅनेजर होणार. दुपारी तिने विचारलं, "माझ्या जागी कर्मचाऱ्यांची प्रतिनिधी होशील?"

"नको गं, मला कुठं जमतंय!"

"ग्रँड," म्हणाली, इथं 'ठीक आहे'ला असंच म्हणतात, नि दुसरीला विचारायला निघाली. आग्रह नाहीच! आमच्या घरी पहिल्यांदा नकोच म्हणतात, मग आग्रह होतो. पण मला मनातून हवंच होतं, हे तिला कसं कळावं? रात्रपाळीच्या बायकांना सुट्टी मिळत नाही, हे मलाच खुपतं ना?

संध्याकाळी फोन केला. "लुसिया, मला व्हायचंय."

"मग दुपारी तोंड शिवलं होतं का? उद्या मीटिंगमध्ये तुला व्हायचंय हे तूच सांग. मी नाही सांगणार."

सांगेन. आग्रहाची वाट न बघता, पहिल्याच फटक्यात.