सहा हात रुंद दार

ती. सवेताताईस,

धाकट्या तोआदरचा डोंगरावरून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो. इकडे मी, कुत्री आणि मेंढरं खुशाल आहोत. तुझा एमिलियानही अगदी खुशाल आहे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

"शिकलाय तो, मामाला नवा मेंढवाडा बांधून देईल," म्हणत तू त्याला वर धाडलंस. शिकलाय, कबूल. कागदावर त्याने मेंढरं इतकी सुबक काढली होती की मी भुललो. (त्या चित्रात एकही लेंडी नव्हती, तिथेच मला संशय यायला हवा होता.) माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली, मध्ये काचेची भिंत, म्हणजे दोघांना एकमेकांची सोबत आणि समोर डोंगर! आपल्या एडक्याला त्या काचेत दुसरा एडका दिसला. काच आता नाही. एडका मजेत आहे.

तेही मी गिळलं असतं. पण धारेच्या वेळी मेंढ्या जिथून एकेक करून बाहेर येतात, जिच्या तोंडाशी तीन पिढ्या आपण स्टुलावर बसून धारा काढल्या, त्या फटीची भिंतच याने पाडून टाकली! मला म्हणतो, "मामा, किती अपमानास्पद आहे हे! मेंढीला मोकळेपणाने बाहेर पडता आलं पाहिजे." आणि तिथे सहा हात रुंद दार! पडल्या ना मोकळेपणाने, तीनशेच्या तीनशे, एकदम, माझ्या अंगावरून. बादली कुठे, स्टूल कुठे, कुणाची धार झाली, कुणाची राहिली, काही पत्ता नाही.

आणि हे कधी, तर मापाच्या रविवारला तीन दिवस उरले असताना! तू काही विसरली नसशील, सारं गाव वर येतं, जो तो आपापल्या मेंढ्यांचं दूध मोजून घेतो, आणि त्या एका मापावर उन्हाळाभर कुणाला किती चीज मिळणार ते ठरतं. माप बिघडलं असतं तर गावाने मेंढरं पलीकडच्या उतारावर इलारियोनकडे नेली असती आणि आज्याच्या वेळचा वाडा माझ्या हातून बंद पडला असता. रविवारी तो इलारियोनही आला होता, फुकटची मजा बघायला. दार पाहून म्हणतो कसा, "काय रे तोआदर, मेंढ्यांची वरात काढतोस की काय?" माझं डोकंच फिरलं. मी एमिलियानचा दंड धरला आणि त्याला दारात उभा केला. म्हटलं, "तू पाडलीस ना भिंत? मग आता तूच भिंत हो!" एका बाजूला आडवी शिडी बांधली, दुसऱ्या बाजूला हात पसरून हा, आणि मधून एकेक मेंढी. सकाळभर! (त्याच्या नव्या बुटांचं काय झालं ते आईला लिहिण्यासारखं नाही.) माप चोख झालं, गाव मेंढरं ठेवून गेलं. पण असला वास्तुकार मला नको. त्याला ताबडतोब बोलावून घे.

तुझा,
तोआदर

ता.क. त्याच संध्याकाळी, मक्याच्या पिठाची मामालिगा ताटात गार होत असताना, त्याने मेंढीच्या खांद्यांचं माप घेऊन नवी फट बांधली. बाबांच्या फटीपेक्षा बरी आहे. स्टुलांवर छप्परही ओढलंय. तीस वर्षांत पहिल्यांदाच पावसात धार काढताना माझी पाठ कोरडी राहिली. त्याला सांगू नकोस.

आणखी एक ता.क. काल तो स्वतः धारेला बसला. मी पाठमोरा होतो, आणि बादलीत धार पडल्याचा आवाज हुबेहूब बाबांच्या हातचा. ताई, तो घरी येतो म्हणाला तर घराला रंग लावलाय, झोपायला जागा नाही, असं सांग. मेंढरं खाली उतरेपर्यंत तरी. आणि जाड विजार पाठव, त्याच्या मापाची.