वेताळाचे गुडघे

मी, पंढरी ढवळू झुगरे, वय ७१, निवृत्त वनरक्षक, राहणार सूर्यमाळ, तालुका मोखाडा, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही आणि सकाळपासून चहाखेरीज काही घेतलेले नाही. गुडघे तेवढे कामातून गेले आहेत, परंतु मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलसाहेबांनी सांगितले.

कलम १. राहते घर पत्नी वेणू हिचे. तिच्या पश्चात आमची एकुलती मुलगी योगिता हिचे. वेणू जिवंत असेपर्यंत घरात तिचाच शब्द चालेल. आताही तोच चालतो.

कलम २. डोंगरउतारावरची वरकस जमीन योगिताची. ती जव्हारला नोकरी करते, तिला शेती जमणार नाही असे लोक म्हणतात. जमेल. दरसाल थोडी तरी वरई पेरावी. वडील वरईच्या शेतात उभे राहून खालच्या वाटेवरच्या माणसाला चालीवरून ओळखत आणि हाक मारून चहाला बोलावत. ती हाक अजून कानात आहे.

कलम ३. नोकरीतली काठी आणि शिट्टी आमच्या भागातली हल्लीची वनरक्षक हर्षाली हिला द्यावी. त्या काठीने मी सगळे डोंगर पालथे घातले. धुक्यात वाट चुकलो तर झऱ्याच्या आवाजावर घरी येत असे. गुडघे तिथेच झिजले, पण त्याबद्दल तक्रार नाही. पुन्हा जन्म मिळाला तर तेच डोंगर चढेन. माझी कुदळ गावातल्या मंगळूने नेली आहे, ती परत मागू नये. एका पावसाळ्यात त्याने ती मलाच उसनी दिली आणि वर ‘जपून वापर’ म्हणाला. एवढा निगरगट्टपणा ज्याला जमतो, त्याने ती ठेवावी.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. आमच्या गावच्या बोहाड्यात, म्हणजे देवीच्या उत्सवात, मुखवटे बांधून सोंगे नाचवतात. प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराकडे असतो. आमच्याकडे वेताळ आहे. मुखवटा आमचा, मान गावाने दिलेला. वडील नाचायचे तेव्हा संबळाच्या ठोक्यावर पार जमिनीलगत बसून गिरकी घेत आणि आम्ही पोरे श्वास रोखून बघत असू. त्यांच्यानंतर मी नाचलो. काय दिवस होते ते!

मला मुलगा नाही. म्हणून धाकटा भाऊ रघु याने गावबैठकीत उभे राहून, माझ्यानंतर वेताळ त्याच्या कमलेशला मिळावा असे मागितले. मी समोर जिवंत बसलो होतो. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे.

गेल्या वर्षी जव्हारच्या डॉक्टरांनी मला गुडघ्याचे पट्टे दिले. दुखणे जात नाही, पण पायाला धीर येतो. घाट उतरताना फार बरे वाटते. बोहाड्याच्या पहिल्या दिवशी मी ते सोंगाच्या साजाबरोबर बांधले. आमच्या घराची रीत अशी की साज एकदा अंगावर चढला की देवीची मिरवणूक झाल्याशिवाय उतरवायचा नाही. मी पट्टेही उतरवले नाहीत. झोपतानाही नाही. शेवटच्या पहाटे पाय भोपळ्यासारखे सुजले आणि मला खाटेवरून उठता येईना. डॉक्टर नंतर म्हणाले, “काका, हे चालताना बांधायचे. हे काय सोवळं आहे?”

बाहेर संबळ वाजत होता. योगिताने माझे पट्टे ओढून काढले, स्वतःच्या गुडघ्यांना बांधले, माझे धोतर नेसून वर खोचले आणि म्हणाली, “बाबा, मुखवटा बांधा.”

वेणू म्हणाली, “देवी रागावंल गं.”

“देवी बाईच हाय ना, आई? ती कशाला रागावंल?”

मी खाटेवर बसूनच गाठ मारली.

ती माझ्या वडिलांसारखी जमिनीलगत बसून गिरकी घेत होती, असे वेणूने दारातून पाहून सांगितले. मी आतून नुसता संबळ ऐकत रडलो. गावाला मात्र धोतराखाली माझे काळे पट्टे दिसले. म्हातारा पट्ट्यांच्या जोरावर पोरासारखा नाचला म्हणून गावभर झाले आणि निम्म्या गावाने जव्हारला जीप करून पट्टे आणले. तरी सर्वांनी नोंद घ्यावी: नाचली ती योगिता. पट्टे जरूर वापरा, झोपताना काढा, पण त्यांनी कोणी वेताळ होत नाही.

मुखवटा मी योगिताला देतो. मान तिला मिळावा, ही माझी एकच इच्छा उरली आहे. रघुचा दावा नसेल तर बैठक अडवणार नाही, असे पंचांनी सांगितले आहे.

कलम ५. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेब सांगतात. म्हणून पहिल्या साक्षीला मी रघुलाच बोलावत आहे. रघु, हे सगळे वाच. सही केलीस तर तू मुखवट्यावरचा दावा सोडलास असे धरले जाईल. केली नाहीस तर योगिताने मुखवटा तुझ्या घरी पोचवावा. तो न नाचता खुंटीला टांगून राहिलेला मला चालणार नाही. माझा राग नाही. थोडा आहे.

ठिकाण: सूर्यमाळ
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

लिहून देणार: पंढरी ढवळू झुगरे (सही)

साक्षीदार
१. रघु ढवळू झुगरे (सही)
दादा, वाचलं. ती तू नव्हेस, हे मला त्या पहाटेच समजलं होतं. गिरकी घेऊन मागं येताना पाय आपल्या आईसारखा पडत होता. कोणाला शक येऊ नये म्हणून पट्टे आणायला पयला मीच गेलो. मुखवटा पोरीचाच.

२. तुका सोमा वाघ, शेजारी (सही)