टाकीवरचा तिरका सात

धाकट्या,

एकाहत्तर साली तुझे बाबा ती शर्यत जिंकले, तेव्हा मोटरसायकलच्या टाकीवरचा सात मी रंगवला होता. मेकॅनिक गाडी ढकलत ओरडत होता, "वहिनी, आटपा!" म्हणून तो आकडा तिरका झाला. आता कंपनीने त्या विजयाच्या आठवणीत मोजक्याच गाड्या काढल्या. तोच सात छापला, आणि माहितीपत्रकात म्हणे ती त्यांच्या चित्रकाराची कल्पना! त्यातलीच तुझी नवी गाडी दाखवताना काल तूही पाहुण्यांना तेच वाचून दाखवलंस, आणि मला म्हणालास, "आई, चहा आण."

बाबा गेले. मेकॅनिकला आता माणसं ओळखू येत नाहीत. सांगणारी मी एकटीच उरले. त्या दिवशीचा, टाकीपाशी हातात ब्रश असलेला माझा फोटो घेऊन शोरूमला चालले आहे. जेवायला थांबू नकोस.

आई