असाहेलच्या नावावरची रेघ

मी, एलिफालेट थर्लो, वय वर्षे शहात्तर, धंदा पिंपे बांधण्याचा, राहणार हार्डिंगफील्ड, राज्य मॅसॅच्युसेट्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. कोणी धाक घातलेला नाही, की सफरचंदाची दारू पाजून लिहून घेतलेले नाही. सन १८२१ चे माझे आधीचे मृत्युपत्र मी आज सकाळी चुलीत घातले, कारण त्यात एक खोटे होते.

कलम पहिले. हा कागद माझ्या दफनानंतर नव्हे, आधी वाचावा. आपल्याकडे रीत उलटी आहे हे मला ठाऊक आहे: आधी माती, मग जेवण, मग कागद. माझ्या बाबतीत मात्र शवपेटी घराबाहेर काढण्यापूर्वी, सगळे जमलेले असताना, आपल्या चर्चचे डीकन वॉर्नर फिच यांनी तो मोठ्याने वाचावा. त्यांना मी व्यवस्थापक नेमतो. डीकन, प्रार्थनेच्या वेळी तुम्ही घशातल्या घशात बोलता, तसे इथे करू नका. उशीर झाला तर गावकरी माझ्या खड्ड्यावर जुन्या सैनिकाची सलामी म्हणून बंदुका झाडतील. त्या सलामीवर माझा हक्क नाही.

कलम दुसरे. घर, मागची बाग व गाय माझा मुलगा जोसाया याला. गाय अनोळखी माणसाला लाथ मारते. ओळखीच्यालाही मारते.

कलम तिसरे. माझी हत्यारे जोसायाला देत नाही. त्याने बांधलेले पिंप पाणी धरत नाही, हे त्यालाही कळते. ती सर्व शेजारी लेमुएल प्रॅट याला द्यावीत. कुंपणाच्या दगडांवरून आम्ही एकोणीस वर्षे बोललेलो नाही. लेमुएल, कुंपण तुझ्याच हद्दीत होते असे तू म्हणायचास. होते. मला पहिल्या वर्षीच कळले होते. पण एकदा गप्प बसलो की मला तोंड उघडायला फार जड जाते, आणि माझ्या आयुष्याचे मातेरे याच खोडीने केले.

कलम चौथे. प्रार्थनेच्या सभागृहातली जुन्या सैनिकांसाठी राखलेली पुढच्या ओळीतली माझी जागा आजपासून मोकळी समजावी.

कलम पाचवे. आता ते खोटे.

सन १७७७ च्या सप्टेंबरात इंग्रजांची फौज उत्तरेकडून हडसन नदीच्या काठाने खाली उतरत होती. आमच्या गावाला तीन माणसे द्यायची होती आणि चिठ्ठीत माझे नाव निघाले. मी वीस वर्षांचा होतो. मला भीती वाटली. याला दुसरा शब्द शोधून पाहिला, मिळाला नाही. माझा धाकटा भाऊ असाहेल सतरा वर्षांचा होता आणि लढाईला जायला उतावीळ होता. आपल्या बदली दुसरा माणूस देणे तेव्हा कायद्याने चालत होते. पण थोरल्याने धाकट्याला पुढे केले हे गावाला कळले असते, आणि आमचे वडील एझ्रा थर्लो यांनी त्याला उंबरठा ओलांडू दिला नसता. म्हणून आम्ही दोघांनी गुपचूप ठरवले.

आई लवकर गेली, म्हणून असाहेलला आमच्या थोरल्या बहिणीने, मेहिटेबलने वाढवले. मी निघालो त्या दिवशी तिने माझ्या हातात राखाडी लोकरीचे दोन जोड मोजे ठेवले.

"पाय कोरडे ठेव रे," ती म्हणाली.

"आणि मला गं, ताई?" असाहेलने विचारले.

"तू जा लढाईला, मग तुलाही विणीन. आत्ता सरपण आण, ऊठ!"

सरपण आणायला म्हणून तो गेला, तो मला ओढ्यापलीकडे येऊन भेटला. मी त्याला माझा कोट, बंदूक, बंदुकीची दारू ठेवायचे शिंग आणि ते दोन्ही जोड दिले. गावची दोन माणसे आदल्या दिवशीच पुढे गेली होती. म्हणून तो वाटेत भेटलेल्या परगावच्या तुकडीत शिरला आणि हजेरीपटावर माझे नाव सांगितले. त्याला तिथे कोणी ओळखत नव्हते. मी तीन दिवसांच्या वाटेवर एका पिंपवाल्याकडे कामाला राहिलो. सैन्याच्या खारवलेल्या मांसासाठी मी तीन महिने पिंपे बांधली. माझे युद्ध एवढेच.

ठरले असे होते की मुदत संपली की त्याने माझ्याकडे यावे, मी कोट चढवून घरी जावे, आणि त्याने दोन दिवसांनी हात हलवत उगवावे व वडिलांचा मार खावा. "चार फटके ना? माझ्या पाठीला सवय आहे," असे तो हसत म्हणाला होता.

डिसेंबरात दारात आला तो असाहेल नव्हे, पेलेग स्टॉडर नावाचा त्याचा सोबती होता. त्याने कोट, बंदूक आणि शिंग कामाच्या बाकावर ठेवले. परतीच्या वाटेवर असाहेलला तापाने गाठले होते आणि टिल्सन नावाच्या शेतकऱ्याच्या धान्याच्या कोठारात त्याने प्राण सोडला होता. पेलेगने त्याला तिथेच शेताच्या कुंपणाशी पुरले. जाताना तो म्हणाला, "पोरगा लढला हो चांगला. गोळीबारातून एकाला पाठीवर घेऊन आला. तुमच्या नावाला बट्टा नाही लावला त्याने."

मी कोट चढवला आणि घरी गेलो. सगळे सांगायचे असे वाटभर घोकले होते. पण वडील अंगणात धावत आले आणि त्यांनी मला मिठी मारली. जन्मात त्यांनी मला कधी मिठी मारली नव्हती. मी म्हटले, उद्या सांगू. त्या उद्याला छप्पन वर्षे झाली.

पुढच्या वसंतात वडिलांनी बायबल उघडले. आमच्याकडे जन्ममृत्यू त्याच्याच मधल्या पानांवर लिहितात. "लढाईच्या दिवसांत जो घर सोडून पळाला, तो माझा नव्हे," ते म्हणाले, आणि त्यांनी असाहेलच्या नावावर रेघ ओढली. दौत माझ्या हातात होती. ताई चुलीपाशी उभी होती. ती म्हणाली, "बरं झालं मी त्याच्यासाठी एक टाकाही विणला नाही." हे वाक्य तिने पुढे कितीतरी वेळा म्हटले, आणि दर वेळी मी समोर बसून जेवत होतो.

गेल्या वर्षी सरकारने जुन्या सैनिकांना निवृत्तिवेतन लावले. त्यासाठी न्यायाधीशापुढे शपथ घ्यावी लागते. गप्प राहून खोटे बोलणे मला जमले, शपथेवर जमेना, म्हणून मी अर्ज केला नाही. तर गाव म्हणते, पाहा, म्हातारा कसा निःस्पृह! मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तरीही मी गप्प मेलो असतो. पण ऑगस्टात जोसायाची मुलगी लव्हिनिया वही घेऊन आली. ती घराण्याची वंशावळ लिहिते आहे.

"आजोबा, पणजोबांच्या बायबलात हे कोणाचं नाव खोडलंय?"

"माझा धाकटा भाऊ. पळून गेला."

"कुठे?"

"समुद्रावर असेल."

"मग लिहू का, युद्धाच्या वेळी पळाला म्हणून?"

"लिही," मी म्हणालो.

तिने लिहिले आणि शाई वाळावी म्हणून हलकेच फुंकर मारली. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागलेले नाही.

सबब, कलम सहावे. वडिलांचे बायबल लव्हिनियाला. बाळ, वहीतले ते पान फाडू नकोस. त्याखालीच खरे लिही, आणि खोटे कोणी सांगितले तेही लिही.

कलम सातवे. दारूचे शिंगही तिलाच. सैनिक आपापल्या शिंगावर आपले नाव कोरतात. यावर असाहेलने छावणीत बसून माझे नाव कोरले आहे, भोवती पाने-फुले काढून, फार मन लावून. स्वतःसाठी एक अक्षरही नाही. ते पुसू नये.

कलम आठवे. "एलिफालेट थर्लो, स्वातंत्र्ययुद्धातील सैनिक" असे कोरलेला दगड गावाने आधीच करवून माझ्या दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवला आहे, फक्त मृत्यूची तारीख बाकी आहे. माझे नाव छिन्नीने काढावे. त्या जागी असाहेलचे नाव आणि वय वर्षे सतरा असे घालून दगड टिल्सनांच्या कुंपणाशी उभा करावा. जागा त्यांना माहीत आहे. मी तिथे तीनदा गेलो, तिन्ही वेळा टोपी हातात घेऊन उभा राहिलो आणि परत आलो. बंदुका झाडायच्या त्या तिथे झाडाव्यात. मला दगड नको.

कलम नववे. बहीण मेहिटेबल हिला मी काहीही देत नाही. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि तिने हे मी जिवंत असताना, माझ्यासमोर वाचावे अशी माझी इच्छा आहे. एवढे धैर्य मी जन्मात एकदाच करतो आहे.

सह्यांपूर्वी जे घडले तेही नोंदवून ठेवतो. ताईने दोन वेळा वाचले. मग चष्मा काढला.

"छप्पन वर्षं, एलिफालेट?"

"भ्यालो, ताई."

"तेव्हाही भ्यालास, नंतरही भ्यालास." मग तिने विचारले, "तो गेला तेव्हा पायात काय होतं?"

"तुझे मोजे. पेलेग म्हणाला, दोन्ही जोड, एकावर एक. तसंच पुरलं त्याला."

मी क्षमा मागितली. लेखणी द्या, एवढेच ती साक्षीला आलेल्या रूफस शिंप्याला म्हणाली. सहीपुढे तिने काय लिहावे हे मी सांगितलेले नाही.

ठिकाण हार्डिंगफील्ड, दिनांक ९ नोव्हेंबर १८३३.

एलिफालेट थर्लो (सही व मोहोर)

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. साक्षीदार:

रूफस गेलॉर्ड, शिंपी

टॅबिथा गेलॉर्ड, त्याची पत्नी

मेहिटेबल थर्लो, असाहेल थर्लो या सैनिकाची बहीण. मोजे मीच विणले होते.